सूर्याच्या वातावरणातील प्रकाशाचे उत्सर्जन व शोषण

एखाद्या शब्दाचा रूढ अर्थ आणि त्याचा शास्त्रीय अर्थ यांत अंतर पडले, म्हणजे विषयाच्या आकलनात घोटाळा होतो. सूर्यप्रकाशाच्या विवेचनात येणारा 'शोषण' हा शब्द याचे चांगले उदाहरण होय. 'शुष्' म्हणजे वाळणे या धातूशी त्याचे नाते आहे. जमिनीने पाणी शोषले की ते दिसेनासे होते. तद्वत सूर्याच्या वातावरणाने प्रकाश शोषला की तो नाहीसा झाला, अशी वाचकाची समजूत होते. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा पाहून ती दृढच होते. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या रेषांच्या जागीही सूर्य प्रकाशतच असतो. इतकेच नव्हे, तर ज्या अणूंमुळे त्या काळ्या दिसतात, तेच अणू प्रसंगविशेषी त्याच जागी तेजस्वी रेषा उमटवितात.

या काळ्या रेषा प्रथम 1802 साली वोलॅस्टन यांना दिसल्या. पुढे 1814 मध्ये फ्राउनहोफर यांनी 574 रेषांची नोंद केली आणि ठळक रेषांना रोमन अक्षरांची नावे दिली. त्यांपैकी पिवळ्या भागातील 'डी' ही जोडरेषा विशेष महत्त्वाची ठरली. कारण ज्योतीत मीठ टाकले असता तिच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी दोन तेजस्वी पिवळ्या रेषा दिसतात. 1859 मध्ये हायडेलबर्ग येथे किरखोफ यांनी सूर्यप्रकाश मिठाच्या ज्योतीतून जाऊ देऊन पाहिला. सूर्यप्रकाश मंद असताना ज्योतीच्या तेजस्वी रेषांनी काळ्या रेषा भरून निघाल्या. परंतु सूर्यप्रकाश प्रखर होताच त्याच रेषा पूर्वीपेक्षाही अधिक काळ्या झाल्या. प्रकाशात प्रकाशाची भर घातली असता अंधार वाढावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तिच्यातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

सोडियमच्या अणूतील इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जा-पातळ्यांवरच राहता येते. 589.0 किंवा 589.6 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाशकण मिळाला, तर तो नीच पातळीवरून उच्च पातळीवर जातो. हे शोषण होय. परंतु तेथे तो टिकत नाही. सेकंदाच्या सुमारे सहा कोटीव्या भागात तो खाली उतरतो आणि घेतलेला प्रकाशकण परत देतो. हे उत्सर्जन होय. घेतलेला कण आपल्या दिशेने येत होता. परत दिलेला मात्र कोणत्याही दिशेस जाऊ शकतो. क्वचित परत देण्यापूर्वीच अणूची दुसऱ्या कणाशी टक्कर होते आणि ती ऊर्जा वायूच्या उष्णतेत मिसळते. उलटपक्षी टकरीमुळेच अणू उच्च पातळीवर जाऊन नवा प्रकाशकण जन्मास येतो, असेही घडते. येणेप्रमाणे घेणे व देणे अखंड चालू असते. म्हणून 'प्रकाश शोषला गेला' एवढेच म्हणणे हा या व्यवहाराचा अर्धाच जमाखर्च होय.

मग रेषा काळी का दिसते? सूर्य हा वायुरूप असल्याने त्याला घन पृष्ठभाग नाही. ज्या थरापर्यंत आपली दृष्टी पोहोचते, त्यास दीप्तिगोल म्हणतात. ही दृष्टी अडविण्याचे काम मुख्यतः एक जादा इलेक्ट्रॉन धारण केलेला हायड्रोजनचा अणू करतो, हे रुपर्ट विल्ट यांनी 1939 मध्ये दाखविले. या थराचे तापमान सुमारे 5,800 केल्विन आहे. तेथून वर जावे तसतसा वायू थंड होत जातो आणि सुमारे 500 किलोमीटर उंचीवर तापमान 4,400 केल्विनच्या आसपास येते. आता 'डी' रेषेच्या तरंगलांबीने सूर्याकडे पाहिल्यास सोडियमच्या अणूंमुळे वायू अधिक अपारदर्शक झालेला असतो. परिणामी आपली दृष्टी खालच्या तप्त थरापर्यंत न पोहोचता वरच्या विरळ व थंड थरातच अडते. तेथून येणारा प्रकाश कमी असतो. पण शून्य नसतो. सूर्यबिंबाच्या मध्यभागी 'डी' रेषेच्या गाभ्यातही शेजारच्या प्रकाशाच्या सुमारे पाच टक्के प्रकाश उरतो. सूर्यावरील डाग शेजारच्या तेजामुळे काळे भासतात, परंतु स्वतः ते चांगलेच प्रकाशमान असतात. तसाच हा प्रकार आहे. रेषेचे काळेपण हे सापेक्ष आहे.

याची साक्ष खग्रास सूर्यग्रहणात मिळते. 22 डिसेंबर 1870 रोजी स्पेनमध्ये चार्ल्स यंग वर्णपटदर्शकातून पाहत होते. चंद्राने दीप्तिगोलाची शेवटची कोर झाकताच काळ्या रेषांच्या जागी क्षणमात्र असंख्य तेजस्वी रेषा झळकल्या. अणू बदलले नव्हते. त्यांच्यामागचे प्रखर तेज तेवढे दूर झाले होते.

तत्पूर्वी 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसले होते. गुंटूर येथे जान्सन यांनी, तर पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या ज्वालांतील तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, त्या रेषा पाहिल्या. त्यांतील 587.6 नॅनोमीटरची पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. तिच्यावरून नव्या मूलद्रव्याची कल्पना निघाली आणि सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्यास 'हीलियम' हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅम्झी यांना 1895 मध्ये सापडले. नावाचा प्रत्यय धातूंच्या नावांतला आहे, द्रव्य मात्र वायू निघाले. दीप्तिगोलाच्या वर्णपटात या रेषेची काळी जोडीदार ठळकपणे दिसत नाही. कारण ती रेषा शोषण्यापूर्वी हीलियमचा अणू मुळातच फार उच्च पातळीवर असावा लागतो आणि दीप्तिगोलाचे तापमान त्यास पुरेसे नाही. हीलियमचा शोध 1868 मध्ये विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लागला, असे कोकणात सांगतात. परंतु लॉकयर विजयदुर्गास आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याचे कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथून केले.

रेषा वाचताना केवळ अणूचे नाव पुरत नाही. त्याची अवस्थाही जाणावी लागते, हे मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये सिद्ध केले. दीप्तिगोलावरील वर्णगोलात फार उंचावरही कॅल्शियमच्या 'एच' व 'के' या रेषा दिसतात. त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या आहेत. दाब कमी असला म्हणजे सुटलेला इलेक्ट्रॉन अणूस पुन्हा सहजी भेटत नाही. म्हणून विरळ थरात असे अणू अधिक टिकतात, अशी त्यांची उपपत्ती होती.

हे न ओळखल्यास काय घडते, त्याचे उदाहरण 'कोरोनियम' होय. 1869 च्या ग्रहणात सूर्याच्या किरीटात 530.3 नॅनोमीटरची हिरवी रेषा आढळली. ती कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना, तेव्हा नवे मूलद्रव्य कल्पून त्यास हे नाव दिले गेले. हीलियमच्या बाबतीत जी युक्ती यशस्वी झाली, ती येथे फसली. सुमारे सत्तर वर्षांनी ग्रोत्रिआन व एडलेन यांच्या संशोधनातून उलगडा झाला की, ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. अशा लोखंडासाठी दहा लाख केल्विनहून अधिक तापमान लागते. अर्थात एक नाव खोटे ठरले, परंतु त्याच्या मोबदल्यात किरीट हा दीप्तिगोलापेक्षा कितीतरी पट तप्त आहे हे सत्य हाती आले. तो इतका का तापतो, याचे संपूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही.

तरंगलांबी निवडणे म्हणजे सूर्यावरील उंची निवडणे, हे तत्त्व आजच्या निरीक्षणांचाही पाया आहे. 2 सप्टेंबर 2023 रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल 1 या यानावरील, पुण्याच्या आयुका संस्थेत सिद्ध झालेली 'सूट' ही दुर्बीण 200 ते 400 नॅनोमीटरच्या पट्ट्यातील निरनिराळ्या तरंगलांबींनी सूर्याची चित्रे घेते आणि दीप्तिगोल व वर्णगोल यांतील वेगवेगळे थर उघड करते. 'शोषण' ही संज्ञा आता रूढ झाली आहे आणि ती बदलण्याचे कारण नाही. मात्र ती वापरताना एवढे ध्यानी असावे की, सूर्याच्या वर्णपटातील काळी रेषा ही प्रकाशाने सोडलेली रिकामी जागा नसून, वरच्या थंड थराने आपल्या मंद प्रकाशात लिहिलेला मजकूर आहे.