सेमाडोहहून त्वचेच्या डॉक्टरकडे: पहिल्या भेटीत काय होतं?

गालावरचा वांग, मानेवरचे मस, बोटावरची चामखीळ किंवा नाकाशेजारचा तीळ काढून घ्यायला सेमाडोहचा माणूस घाट उतरून परतवाडा-अमरावती गाठतो, तेव्हा त्याचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. आल्यासारखा डाग आजच निघावा, असं त्याला वाटणारच. पण पहिली भेट बहुतेक वेळा डाग काढण्याची नसते. तो कशाचा आहे, हे त्या दिवशी ठरतं.

निघण्याआधी

आधी गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. नायट्यासारख्या दुखण्यावर तिथेच औषध मिळतं, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून तज्ज्ञांचा सल्लाही घेता येतो. पुढे जावं लागलंच, तर चेहरा धुऊन, पावडर-क्रीम न लावता जा. आजवर लावलेल्या मलमांच्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्या. घरातली आजी कोरकूतच मोकळं बोलत असेल, तर दुभाषी म्हणून कुणीतरी बरोबर हवं.

डॉक्टर काय विचारतात

डाग जन्मापासूनचा की नवा? वाढतोय का, खाजतो का, रक्त येतं का? मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी? जुन्या जखमेचा वण कधी फुगून वर आला होता का? तसा आला असेल, तर डाग काढलेल्या जागीही तेच होण्याचा धोका असतो.

मग येतो तो प्रश्न, ज्याचं उत्तर माणसं लपवतात: आतापर्यंत काय काय लावलं? आपल्या सातपुड्यात बिबा मुबलक. ज्या रसाने धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करत, तोच रस चामखिळीवर लावला जातो. बिबा उतला की फोड येतात आणि मूळ डागापेक्षा मोठा काळा डाग मागे राहतो. कुणी चुना-खार लावतं, कुणी मसाभोवती घोड्याचा केस बांधतं. हे सगळं न लाजता सांगा, कारण भाजलेल्या कातडीवरून मूळ डाग ओळखणं अवघड होतं. गोरं करणाऱ्या मलमाचंही सांगा. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. ते महिनोन् महिने लावलं, तर कातडी पातळ होते आणि चेहरा लाल पडतो.

तपासणी

डॉक्टर भिंगाच्या उपकरणाने, म्हणजे डर्मोस्कोपने, डाग पाहतात. बुरशीची शंका आली तर कातडी हलकेच खरवडून तपासतात. तीळ वेडावाकडा असेल, त्यात दोन-तीन रंग असतील, तो ६ मिलिमीटरहून मोठा असेल किंवा अलीकडे बदलला असेल, तर तुकडा काढून तपासणीला पाठवतात. असा तीळ आधीच जाळून टाकला, तर तपासायला काही उरत नाही. तळपायावरचा किंवा नखाखालचा नवा काळा डाग जरूर दाखवा. सावळ्या माणसांत त्वचेचा घातक कर्करोग, मेलॅनोमा, बऱ्याचदा तिथेच निघतो.

काढायचं ठरलं तर

मस आणि चामखीळ विजेच्या उपकरणाने किंवा अतिथंड द्रव नायट्रोजनने काढतात. गोंदणाला लेसरच्या अनेक खेपा लागतात. वांग असा ‘काढता’ येत नाही; मलम आणि उन्हापासून जपणूक हाच त्याचा मुख्य उपचार, आणि तो परतही येतो. आपल्या रंगाच्या कातडीवर उपचारानंतर काही महिने काळसर छटा राहू शकते. म्हणून वैशाखातल्या लग्नासाठी चैत्रात धावू नका, दिवाळीनंतर जा. पैसे डागामागे लागतील की खेपेमागे, हे आधीच विचारा.

फिका, बधिर चट्टा

डाग असा असेल, तर डॉक्टर डोळे मिटायला सांगून चट्ट्याला कापूस लावतील आणि कोपराजवळची नस चाचपतील. घाबरू नका. ती कुष्ठरोगाची तपासणी आहे. अमरावतीला हा आजार नवा नाही. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं, ते याच रुग्णांसाठी. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. चट्टे पाचपर्यंत असले तर ६ महिने, जास्त असले तर १२ महिने गोळ्या घ्याव्या लागतात. औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच संपते. उशीर झाला, तर मात्र हातापायाच्या नसा कायमच्या जाऊ शकतात.

गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. अंगावर न दुखणारा, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, तर परतवाड्याच्या एसटीची वाट पाहू नका. आजच आशाताईंना दाखवा.