रबर गेलं की टेप जातो

“रेडिओ लागतो, टेप चालत नाही.” जुना टू-इन-वन दुरुस्तीला घेऊन येणारा माणूस बहुधा एवढंच सांगतो, आणि अर्धं निदान त्यानेच केलेलं असतं. रेडिओ लागतो म्हणजे वीज आत पोचते, अ‍ॅम्प्लिफायर शाबूत आहे, स्पीकर बोलतात. राहिलं ते फिरणारं सामान. तिथे बिघाड शोधायला मीटर लागत नाही, झाकण उघडून नीट बघितलं तरी पुरतं.

हे सामान किती राबलं, ते कळायला केदारखेडा घ्या. हे भोकरदन तालुक्यातलं पूर्णाकाठचं गाव. जालन्याहून भोकरदनला जाताना राजूरचा गणपती मागे टाकला की लागतं. मराठवाड्यातल्या अशा गावांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत टेप घरात एका जागी बसून राहत नसे. तो खळ्यावर जाई, लग्नघरी जाई, सप्ताहाच्या मांडवात जाई. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून मागच्या खणात सहा नाहीतर आठ मोठे सेल. सेल उतरले की गाणाऱ्याचा आवाज जड होई. मग ते उन्हात ठेवून पुन्हा घातले जात. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीतं, भीमगीतं हे सगळं कॅसेटमधूनही गावोगाव पसरलं. तबकड्यांच्या काळात एचएमव्हीसारख्या एका मोठ्या कंपनीच्या हातात असलेला बाजार स्वस्त कॅसेटींनी कसा फोडला, यावर पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने उत्तर भारतापुरतं एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे, 1993 साली.

ती विकतची गाणी आज मोबाइलवर फुकट मिळतात. तेवढ्यासाठी टेप दुरुस्त करायचा असेल तर तो हौसेचा खर्च समजावा. माझ्या लेखी या यंत्राची मोठी कळ लाल ठिपक्याची, रेकॉर्डची. ती दाबून लोकांनी गावातलं कीर्तन भरलं, भजनी मंडळाची बारी भरली, आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरल्या. या कॅसेटींची दुसरी प्रत नसते. अशी एखादी घरात सापडली तर मात्र माळ्यावरचा टेप खाली काढावाच.

प्ले दाबल्यावर मोटर घुंई करते आणि चाकं हलत नाहीत, हा सर्वांत नेहमीचा आजार. मोटरपासून जड फ्लायव्हीलपर्यंत जाणारा रबरी बेल्ट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सैल पडतो, नाहीतर चक्क वितळून डांबरासारखा होतो. जालन्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याखालचा माळा, मग वेगळं काय होणार! तो काळा चिकटा कापसाच्या बोळ्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुलीच्या खाचेतून पूर्ण काढावा लागतो. बोटं काळी होतात आणि दोन दिवस तशीच राहतात. जुना बेल्ट अखंड निघाला तर त्याच्याहून किंचित लहान घेराचा नवा घ्यायचा. चिखल झाला असेल तर पुलीवरून दोरा फिरवून माप काढायचं. रबरबँड लावून चालवणारे भेटतात. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि ती असमानता आवाजात थरथर होऊन ऐकू येते.

हे इतकं नाजूक का, ते एका हिशेबातून कळतं. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर पुढे सरकते. तिला ओढणारी पोलादी दांडी, कॅपस्टन, दोन मिलिमीटर जाडीची धरली तर सेकंदाला जेमतेम साडेसात फेरे होतात. मोटर त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरते. मधला फरक बेल्ट आणि पुली सांभाळतात, आणि बारीकसारीक झटके फ्लायव्हील आपल्या वजनाने गिळतं. फिलिप्सच्या लू ओटेन्स यांच्या चमूने 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली ती मुख्यतः बोलणं टिपण्यासाठी. खिशात मावेल असा लाकडी ठोकळा घेऊन त्यांनी यंत्राचा आकार ठरवला होता, असं सांगतात. संगीतासाठी ही गती खरं तर फारच कमी. त्यामुळे पुढच्या सगळ्या कारागिरीला चुकायला जागाच उरली नाही.

टेप कॅसेट “खातो” तेव्हा लोक कॅसेटला दोष देतात. गुन्हेगार बहुतेकदा पिंच रोलर असतो, कॅपस्टनवर फीत दाबून धरणारा रबरी रूळ. तो कडक आणि गुळगुळीत झाला की फीत वाकडी सरकते. दुसरीकडे गुंडाळणाऱ्या चाकाचं रबर झिजलेलं असेल तर पुढे आलेली फीत उचलायला कोणी नसतं, आणि ती कॅपस्टनभोवती वेटोळी घालते. रूळ आधी स्वच्छ पुसावा. तरी घसरत असेल तर बदलावा. सँडपेपरने घासणं म्हणजे थोड्या दिवसांची सोय.

मग हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग. त्यावरची तपकिरी पूड पुसली की अर्धा आवाज परत येतो. उरलेला अर्धा हेडशेजारच्या, स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या स्क्रूत असतो. हेडमधली फट फितीला काटकोनात हवी. दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लहर फितीवर पाच मायक्रॉनपेक्षाही आखूड असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी; कोन किंचित चुकला तरी टाळांची खणखण जाते आणि मृदंग तेवढा उरतो. कॅसेट चालू ठेवून, चुंबक न लागलेल्या स्क्रूड्रायव्हरने, टाळ सर्वांत स्पष्ट वाजतील तिथे स्क्रू थांबवायचा. कान हेच इथलं हत्यार.

गती जुळवायला कारखान्यांत ठरावीक स्वराची चाचणी कॅसेट वापरत. गावात त्याहून जवळचा उपाय आहे: पेटी. भजनाची कॅसेट लावावी आणि मंदिरातली पेटी शेजारी ठेवावी. तीच जुनी पेटी अजून असेल तर फारच उत्तम. गायक काळी एकला गात होता हे मंडळातल्या म्हाताऱ्यांना पक्कं आठवतं. टेप पांढरी दोन दाखवत असेल तर तो सुमारे सहा टक्के पळतोय. बऱ्याच मोटरींच्या पाठीला भोक असतं. आतला स्क्रू केसभर फिरवला की सूर खाली येतो. एवढी सुरेल दुरुस्ती दुसऱ्या कुठल्या यंत्राच्या नशिबी नसेल.

खरखर येते किंवा एकच बाजू वाजते, तेव्हा रेकॉर्ड-प्लेचा लांबट सरकता स्विच पाहावा. त्याच्या काळवंडलेल्या संपर्कांवर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून तो मागे-पुढे केला की बहुधा भागतं. जुने साधे सेल फुटून खणातल्या स्प्रिंगा सडल्या असतील तर खाण्याच्या सोड्याचं पाणी लावून पुसाव्यात.

आता ती एकुलती एक कॅसेट. ती पहिल्यांदा घालू नये. आधी जुन्या सिनेमागाण्यांची, गेली तरी चालेल अशी घालावी. घरच्या कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं जाणार नाही. फितीमागची कापडी गादी निखळली आहे का ते बघावं. ती नसेल तर हेड कितीही पुसलं तरी आवाज दबकाच येईल. फीत पेन्सिलीने एकदा सैल करून घ्यावी. साठ मिनिटांच्या कॅसेटीत जवळपास 86 मीटर फीत असते आणि ती वर्षानुवर्षं एका ताणात बसलेली असते. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून, पहिल्याच फेरीला, कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर भरून घ्यावं. आधी ऐकून बघू, मग भरू, असं म्हणू नये. चिकटवलेला जोड त्याच फेरीत सुटू शकतो.

भरून झाल्यावर कॅसेट फेकू नये. उद्या याहून चांगलं हेड मिळालं तर तीच पुन्हा लागेल. मात्र ती टेपवरच, स्पीकरला खेटून ठेवायची जुनी सवय सोडावी. जाळीमागे चुंबक असतं.