खेळाच्या अंगणातील शिसे

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात घरे लाकडाची बांधीत. तेथील ऊन कडक असल्यामुळे घराला रुंद व्हरांडा आणि व्हरांड्याला लाकडी कठडा असे. दुपारच्या वेळी मुलांचे खेळणे-बागडणे त्या सावलीतच चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिस्बेन शहरातील डॉक्टरांकडे विचित्र लक्षणे असलेली मुले येऊ लागली. कोणाच्या पोटात असह्य कळा येत, कोणाचे हातपाय लुळे पडत, तर कोणाची दृष्टी मंदावलेली असे. ही शिशाची विषबाधा आहे हे डॉक्टरांनी ओळखले. पण कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या मुलांच्या पोटात शिसे गेले कोठून, याचा उलगडा होत नव्हता.

तो उलगडा जॉन लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने केला. व्हरांड्याच्या कठड्यांना लावलेल्या रंगात शिशाचा सफेदा असे. उन्हाने त्या रंगाची पूड होई, ती मुलांच्या घामेजलेल्या हातांना चिकटे आणि बोट तोंडात घालण्याच्या किंवा नखे कुरतडण्याच्या सवयीमुळे पोटात जाई. हे निदान त्यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांना घरातील सर्वांत सुरक्षित वाटणारी खेळाची जागाच त्यांच्या आजाराचे मूळ ठरली होती.

या गोष्टीला एकशे वीस वर्षे उलटली. कठड्याच्या जागी आज बागेतील झोपाळा, घसरगुंडी आणि शाळेच्या मैदानाचे लोखंडी कुंपण आले आहे. विष पोटात जाण्याची वाट मात्र तीच राहिली आहे: जागेवरून हाताला आणि हातावरून तोंडाला.

मुलांनाच अधिक धोका का?

शिसे, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना सामान्यतः जड धातू म्हणून ओळखले जाते. मुलांच्या खेळाच्या जागांच्या दृष्टीने यांपैकी शिसे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण रंग, जुने पेट्रोल, बॅटऱ्या आणि धातूंचे कारखाने अशा अनेक मार्गांनी ते मातीपर्यंत पोचले आहे. सेंद्रिय कचरा कुजतो, काही रसायने काळाच्या ओघात विघटित होतात. शिसे हे मूलद्रव्य असल्याने ते कुजतही नाही आणि विरतही नाही. भारतात पेट्रोल २००० साली शिसेमुक्त झाले. परंतु त्यापूर्वी अनेक दशके वाहनांच्या धुरातून रस्त्याकाठच्या मातीवर बसलेले शिसे त्या निर्णयाने आपोआप नाहीसे झाले नाही.

लहान मूल जमिनीशी जवळचे असते. ते रांगते, मातीत बसते, पडलेली वस्तू उचलून चाखते. प्रौढाच्या पोटात शिसे गेले तर त्याचा थोडाच भाग रक्तात उतरतो. लहान मुलाचे शरीर तेवढ्याच शिशातून चार ते पाच पट अधिक भाग शोषून घेऊ शकते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि त्याला हाडांत जागा देते. तेथे ते वर्षानुवर्षे मुक्काम करते. मुलीच्या हाडांत साठलेले शिसे पुढे तिच्या गर्भारपणात रक्तात उतरून गर्भापर्यंतही पोचू शकते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असले, किंवा पोट रिकामे असले, की शोषणाचे प्रमाण आणखी वाढते.

मोठ्या मात्रेत शिसे गेले तर झटके येतात, बेशुद्धी येते, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने अधिक फसवी असते ती अल्प मात्रा, कारण तिची लक्षणे दिसत नाहीत. मूल खाते-पिते, हसते-खेळते. फक्त त्याचे लक्ष लागत नाही, शिकलेले ध्यानात राहत नाही, ते चिडचिडे होते. घरचे म्हणतात, ‘आळशी आहे.’ शाळा म्हणते, ‘बेताचाच आहे.’ दोष मुलाच्या माथी लागतो.

ही अदृश्य हानी मोजून दाखवण्याचे श्रेय हर्बर्ट नीडलमन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांकडे जाते. बॉस्टनजवळच्या दोन गावांतील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांनी त्यांतील शिसे मोजले. ही मुले आजारी म्हणून गणली गेलेली नव्हती. तरीही ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धिमापनात आणि वर्गातील एकाग्रतेत मागे असल्याचे त्यांना आढळले. १९७९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. आज जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे, की रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून दूर करावा, असे तिने सांगितले आहे. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एक मूल, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुले, या पातळीवर किंवा तिच्या वर आहेत.

खाण बंद झाली, धूळ राहिली

आफ्रिकेतील झांबिया देशात काब्वे नावाचे शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अमदानीत तेथे शिसे आणि जस्त यांची खाण सुरू झाली आणि १९९४ मध्ये ती बंद पडली. खाणीने जवळजवळ नव्वद वर्षे धातू दिला, रोजगार दिला, नफा दिला. ती बंद झाली तेव्हा मागे राहिले ते उघड्यावरचे टाकाऊ मालाचे ढिगारे. कोरड्या दिवसांत त्यांची धूळ वाऱ्याबरोबर आसपासच्या वस्त्यांवर पसरते. तेथील अंगणे मातीची, शाळांची मैदाने मातीची आणि मुले त्याच मातीत फुटबॉल खेळतात. खाण बंद होऊन अनेक वर्षे लोटल्यावरही तेथील मुलांच्या रक्तात सुरक्षिततेच्या मर्यादेच्या कितीतरी पट शिसे आढळले.

हिशेबाची सवय असलेल्या माणसाला काब्वेचा ताळेबंद चटकन कळावा. उत्पन्नाच्या बाजूला जे काही होते ते त्या त्या वर्षी जमा झाले आणि वाटले गेले. खर्चाची मोठी रक्कम मात्र कोणत्याच वहीत लिहिली गेली नाही. ती त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावे पडली, आणि त्या मुलांनी तो व्यवहार कधी केलेलाच नव्हता.

भारतातील कायदा आणि त्यातील उणीव

काब्वे दूर आहे. रंगाचा डबा मात्र प्रत्येक गावाच्या बाजारपेठेत आहे. पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांना तजेला यावा म्हणून शिशाची संयुगे पूर्वापार वापरली जात आली आहेत. शेंदूरही मूळचा शिशाचा ऑक्साइडच. आणि झोपाळे, घसरगुंड्या, सी-सॉ यांना नेमके हेच भडक रंग दिले जातात.

ब्रिस्बेनचे निदान १९०४ मधले. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली ती १९७८ मध्ये. भारतात यासंबंधीचे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यानुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये, आणि तसा उल्लेख डब्यावर हवा. नियम चांगला आहे. परंतु त्याची व्याप्ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरतीच आहे. औद्योगिक वापराचे रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. लोखंडी झोपाळा तयार करणारा फॅब्रिकेटर घराच्या भिंतीचा रंग वापरत नाही, तो लोखंडाचा रंग वापरतो. तो रंग कोणत्या प्रतीचा आहे, हे गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय कळत नाही आणि बहुधा कोणी विचारत नाही.

खेळण्यांच्या बाबतीत स्थिती थोडी बरी आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले असून त्यासाठीच्या मानकांत जड धातूंची चाचणी अंतर्भूत आहे. तरीही जत्रेत आणि पदपथावर बिनचिन्हाचा स्वस्त माल मिळतोच. तो भरून ठेवणारा व्यापारी असतो आणि त्याच्याही घरी मुले असतात.

व्यापारी कुटुंबांच्या हाती काय आहे?

गावोगावच्या व्यापारी कुटुंबांनी शाळा, बालवाड्या आणि उद्याने यांना सढळ हाताने साहाय्य केले आहे. बागेतील झोपाळ्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी असते. ती देणगी देतानाच फॅब्रिकेटरच्या ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवावी: ‘रंग शिसेमुक्त असावा, शिशाचे प्रमाण ९० भागांच्या आत असल्याचा उत्पादकाचा लेखी दाखला बिलासोबत द्यावा.’ या एका ओळीला खर्च नाही. डब्याच्या किमतीत फरक पडलाच, तर तो एकूण देणगीच्या मानाने किरकोळ असतो.

जुन्या झोपाळ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पोपडे सुटलेला रंग कोरडा घासून काढणे ही सर्वसाधारण पद्धत. पण रंगात शिसे असेल तर त्या घासण्यानेच विषारी धूळ उडते आणि खालच्या मातीत मिसळते. म्हणून असे काम मुले नसताना करावे. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, खाली जाड प्लास्टिक अंथरावे आणि निघालेला चुरा गोळा करून मैदानाबाहेर सुरक्षितपणे न्यावा. शाळेच्या सुटीच्या आदल्या संध्याकाळी घाईने उरकण्याचे हे काम नव्हे.

दुकानातील इन्व्हर्टरची आणि गाडीची जुनी बॅटरी ही आणखी एक जबाबदारी. शिशाची बॅटरी नियमांनुसार विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे परत जायला हवी. शे-दोनशे रुपये अधिक मिळतात म्हणून ती कोणाच्याही हाती दिली, तर एखाद्या वस्तीच्या कडेला ती फोडली जाते, उघड्या भट्टीत शिसे वितळवले जाते आणि त्याची राख तेथल्या मुलांच्या अंगणात पडते. विकणाऱ्याला ते अंगण कधी दिसत नाही, एवढाच फरक.

मैदानासाठी जागा निवडताना तिचा पूर्वेतिहास पाहावा. पूर्वी तेथे भंगाराचे गोदाम, बॅटरीचे दुकान, छापखाना किंवा धातूचा कारखाना होता काय? असल्यास मातीची तपासणी करून घ्यावी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मुलांच्या खेळाच्या उघड्या मातीसाठी दहा लाख भागांत ४०० भाग ही मर्यादा पूर्वी धरली होती; २०२४ मध्ये तिने निवासी जमिनीच्या तपासणीची पातळी २०० वर आणली. ज्ञान वाढते तशी मर्यादा खाली येते, हे यातून दिसते. माती दूषित निघाली तर ती काढून टाकणे, तिच्यावर स्वच्छ मातीचा जाड थर देणे किंवा दाट गवत लावणे हे उपाय आहेत. उघडी धूळ झाकली, की हातापर्यंतची वाट बरीचशी बंद होते.

घरात करायच्या गोष्टी आजीच्या शिस्तीतल्याच आहेत. खेळून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, चपला उंबरठ्याबाहेर राहाव्यात, फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मुलाला उपाशीपोटी मैदानावर पाठवू नये. दूध-दही, तीळ, नाचणी, कडधान्ये आणि पालेभाज्या आहारात असाव्यात. शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने रक्तातील शिसे तपासून घेता येते. त्यासाठी थोडेसे रक्त पुरते.

उपचारांवर मात्र फार विसंबता येत नाही. रक्तातील शिसे फार वाढले असेल तर ते बाहेर काढणारी औषधे आहेत आणि ती प्राण वाचवतात. पण मेंदूची झालेली हानी ती भरून काढत नाहीत. रोग झाल्यावरचा खर्च येथे कितीही केला तरी मुद्दल परत येत नाही.

ब्रिस्बेनच्या त्या नेत्रतज्ज्ञाने प्रयोगशाळेत बसून शोध लावला नव्हता. मूल जेथे खेळते त्या कठड्याच्या रंगाकडे त्याने लक्ष दिले. पुढच्या वेळी नातवंडांना बागेत नेणाऱ्या आजोबांनी, शाळेच्या विश्वस्तांनी आणि झोपाळ्याचे बिल चुकते करणाऱ्या देणगीदारांनी एवढेच करावे. त्या लोखंडी दांड्यावरून एकदा बोट फिरवावे आणि बोटाला पूड लागली, तर रंग कोणता आहे ते विचारावे.