सूर्यास्तापूर्वीचे ताट आणि दोघांची पावले

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कापूस, धान्य, पुढे बियाणे आणि पोलाद अशा एकेका व्यापाराने ती सार्थ ठरविली. औद्योगिक वसाहतीतील सळईचे कारखाने, गोदामे आणि मोंढ्यातील पेढ्या यांच्या भरभराटीत जैन व्यापारी कुटुंबांचा वाटा मोठा आहे. परंतु या सुबत्तेसोबत आणखी एक गोष्ट घरात शिरली. स्वयंपाकघराच्या फडताळात लोणच्याच्या बरणीशेजारी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा आला; बहुधा एकाचा नव्हे, पती-पत्नी दोघांचाही.

तेव्हा मनात प्रश्न उभा राहतो. मांसाहार नाही, मद्य नाही, तंबाखूला स्पर्श नाही. मग हा रोग आला कोठून?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडतो. 2004 मध्ये त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, 22.3 होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी आतून चरबी बाळगून असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण असून 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आहार शाकाहारी आहे एवढ्याने तो हितकर ठरत नाही. मैदा, साखर, वनस्पती तूप, तळलेली शेव, हेही शाकाहारीच आहेत.

वसाहतीत कारखाना असलेल्या घराचा दिनक्रम पाहिला, तर दुसरा धागा हाती लागतो. सकाळी चहासोबत खारी किंवा फरसाण. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक दलालासोबत, वाहतूकदारासोबत आणखी एक कप. एका कपात दोन चमचे साखर धरली, तर पाच कपांतून दिवसाला 40 ते 50 ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे सुचविते. दिवसभर बैठक खुर्चीवर. घरापासून कारखान्यापर्यंत मोटार. पूर्वीचा व्यापारी मोंढ्यात पायी फिरे, पोती उलथीपालथी करून माल पारखी. आता माल दूरध्वनीवर पारखला जातो.

आणि संध्याकाळी? हिवाळ्यात जालन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी कारखान्यात दिवसभराचा हिशेब चाललेला असतो, गाड्या भरल्या जात असतात. श्रावक घरी येतो रात्री साडेनऊला. श्राविका त्याच्यासाठी थांबते. तिचा चोविहार मोडतो किंवा ती एकटीच आधी जेवून घेते आणि पुन्हा त्याच्यासाठी तवा तापविते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सूर्यास्तापूर्वी जेवण होत असे, तेथे दिवसातील सर्वांत जड जेवण रात्री दहाला होते आणि त्यावर लगेच झोप.

म्हणूनच आरोग्याचा विचार पतीचा वेगळा आणि पत्नीचा वेगळा करता येत नाही. कॅनडातील संशोधकांनी 2014 मध्ये निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा जोडीदाराला मधुमेह असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचा धोका सुमारे 26 टक्क्यांनी अधिक आढळला. पती-पत्नीचे रक्त एक नसते. पण ताट, तेलाचा डबा आणि संध्याकाळ एकच असते. याच नात्याची दुसरी बाजू आशा वाढविणारी आहे. इंग्लंडमधील 3,722 जोडप्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. बैठ्या सवयीच्या व्यक्तींपैकी ज्यांच्या जोडीदारानेही हालचाल सुरू केली, त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश स्वतः सक्रिय झाल्या. जोडीदार जागचा हलला नाही, तेथे हे प्रमाण जेमतेम एक-चतुर्थांश राहिले. रोग जोडीने येतो, तसे आरोग्यही जोडीनेच येते.

जैन घराला यासाठी चौकट बाहेरून आणावी लागत नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर ऊनोदरी येते, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी. पुढे रसपरित्याग येतो, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण यांचा संयम. आयंबिलच्या ताटात तर साधे शिजविलेले धान्य आणि कडधान्यच असते. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे, वजन घटविणे हा नव्हे. पण शरीरस्वास्थ्य हे त्याचे आनुषंगिक फळ नाकारण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की चौकट राहिली आणि आतले चित्र बदलले. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य म्हणून पापड, शेव आणि गट्ट्यांचे ताट भरते. उपवासाचे पारणे गोडाधोडाने होते. नियम पाळला जातो, संयम हरवतो.

मग ताटात काय असावे? मराठवाड्याच्या मातीनेच त्याचे उत्तर दिले आहे. ज्वारी आणि बाजरीची भाकरी रोजच्या जेवणात परत यावी. गव्हाचे पीठ कोंड्यासह जाडसर दळून आणावे. अख्खे मूग, मठ, चवळी, हरभरा आलटून पालटून शिजवावेत. मोड आणण्याविषयी ज्या घरात मर्यादा आहे, तेथे भिजवून लगेच शिजविलेले कडधान्यही तितकेच उपयोगी पडते. तिथीच्या दिवशी पापडाऐवजी हीच उसळ ताटात यावी. कंदमुळे वर्ज्य असली तरी दोडका, दुधी, गवार, भेंडी, पडवळ, तोंडली यांची कमतरता नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही अर्धे ताट भाज्या-फळांचे असावे असाच आग्रह आहे. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती रस काढून, साखर घालून पिण्याऐवजी फोडी करून चोथ्यासह खावी. घरातील तेलाचा महिन्याचा खप वहीत लिहून ठेवावा. व्यापाऱ्याच्या घरात आकडा डोळ्यांसमोर आला की खर्च आपोआप आवरतो.

संध्याकाळच्या अडचणीवर उपाय साधा आहे. दुपारचा डबा कारखान्यात जातोच. सूर्यास्तापूर्वी दुसरा डबा जाण्यास काय हरकत आहे? एक-दोन भाकऱ्या, उसळ, भाजी, ताक एवढे पुरेसे आहे. ताकासोबत कडधान्य घेताना द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांनी ताक दुपारी घ्यावे. पतीने साडेपाचला पंधरा मिनिटे काम थांबवून जेवावे, पत्नीने त्याच वेळी घरी. दोघांचाही चोविहार पाळला जाईल. रात्री पती घरी आल्यावर तवा तापणार नाही. दोघांना एकत्र बसण्यास, थोडे चालण्यास वेळ मिळेल. वेळेवर जेवण्याची ही मुभा कामगारांनाही मिळाली, तर ती अधिक शोभून दिसेल.

चालण्याचे महत्त्व साधू-साध्वींच्या विहाराकडे पाहून आपल्याइतके कोणाला कळावे? अनवाणी पायांनी गावोगाव चालणारी ती पावले गृहस्थाला रोज अर्ध्या तासाचा आग्रह करतात. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 भारतीयांपैकी ज्यांना आहारबदल आणि नियमित चालण्याचा मार्ग घालून दिला, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत 28.5 टक्क्यांनी कमी राहिले. आठवड्याला किमान 150 मिनिटे जलद चालणे आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. पहाटे वसाहतीच्या धुळीत, अवजड गाड्यांच्या मधून चालण्यापेक्षा मोतीबागेसारखा मोकळा परिसर बरा. चातुर्मासात ओल्या गवतावर पाय न ठेवता कोरड्या फरशीवर किंवा गच्चीवर फेऱ्या घालाव्यात. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली तर आजीच्या काळापासूनची आहे. जेवणानंतर वाढणारी रक्तशर्करा तिने आटोक्यात राहते, हे अलीकडच्या अभ्यासांतही दिसून आले आहे. उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, वंदनेतील पंचांग प्रणिपात यांतून स्नायूंनाही काम मिळते.

काही सावधगिरी मात्र आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी आणि कोणताही उपवास आरंभण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतू शकते. छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास असल्यास तपासणीवाचून जलद चालणे सुरू करू नये. शाकाहारी व्यक्तींत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. पायांना मुंग्या, सततचा थकवा याकडे दुर्लक्ष न करता रक्त तपासून घ्यावे. घरात नवे दळण आले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

बदल एकदम सगळा करण्याचीही गरज नाही. पहिल्या महिन्यात चहातील साखर निम्मी आणि संध्याकाळचा डबा. दुसऱ्या महिन्यात भाकरी आणि अर्धा तास चालणे. तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. कमरेचा घेर आणि रक्तदाब दोघांनी एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहावा. एकाचा उत्साह ओसरेल त्या दिवशी दुसऱ्याने चपला पुढे कराव्यात.

मुले शेवटी दुकानाची किल्ली घेतात, तशीच घराची थाळीही घेतात. आई-वडील संध्याकाळी साडेपाचला जेवतात आणि पहाटे दोघे मिळून बाहेर पडतात, हे पाहत वाढलेल्या मुलाला संयम वेगळा शिकवावा लागत नाही.