कुड्याची फुलं ताटात, जुलाबात मात्र आधी पाणी

वळवाची सर येऊन गेली, की आसनगावच्या अवतीभवती, माहुलीच्या उतारावर कुडा पांढराशुभ्र फुललेला दिसतो. कुणी फुलं खुडून भाजी करतं, कुणी साल काढून ठेवतं. आज या दोन्हींबद्दल बोलू.

आधी ओळख. कुड्याची पानं मोठी, समोरासमोर. पान तोडलं की पांढरा चीक येतो. शेंगा जोडीनं लोंबतात, बारीक, दीड वीत लांब. आतलं बी म्हणजे कडू इंद्रजव. काळा कुडा निराळा. त्याच्या फुलात मधोमध झालर असते. ओळख पटली नाही, तर जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय फुलं चुलीवर ठेवू नका.

फुलं निवडून, धुऊन उकळायची. कडू पाणी ओतून द्यायचं आणि फुलं घट्ट पिळायची. तेलात कांदा, लसूण, मिरची परतून फुलं नि मीठ घालायचं. एक वाफ आली, की भाकरीबरोबर भाजी तयार.

आता साल. आव पडली की कुड्याच्या सालीचा काढा आपल्या आज्या देत आल्या. आयुर्वेदातलं कुटजारिष्टही याच सालीचं. पण जुलाबात लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. काढा ते भरून काढत नाही. 'उद्या उतार पडेल' म्हणून थांबलो, तर तोच वेळ महागात पडतो.

म्हणून जुलाब सुरू होताच आशाताईंकडून ओआरएस आणा. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घाला. पुडी नसेल, तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. घोट घोट पाजा. अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या सांगितल्या असतील, तर जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा.

शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, बाळ मलूल पडलं किंवा पाणीही पीत नसेल, तर लगेच दवाखाना. वाटेतही पाणी पाजत राहा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला साल किंवा इंद्रजव आपल्या मनानं देऊ नका.

आणि झाडाचंही बघा. खोडाची साल गोल सोलली की झाड वाळतं, कारण पानांतलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. फुलं खुडतानाही थोडे झुबके शेंगांसाठी ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीला एक लिटरचं भांडं, साखर आणि मीठ घेऊन या. प्रत्येकीनं हे पाणी एकदा स्वतः करून बघा.