फौजी घरी आल्यावर

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलेले असते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. परत येणाऱ्यांना स्तंभ नको असतो, दवाखाना लागतो.

त्यासाठी १ एप्रिल २००३ पासून ‘ईसीएचएस’ ही माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे. निवृत्तिवेतनधारकाने एकदाच वर्गणी भरायची. मग त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधे मिळतात. मोठ्या दुखण्याला तिथली चिठ्ठी घेऊन लष्करी किंवा योजनेतल्या खासगी इस्पितळात जायचे. युद्धात पती गमावलेल्यांना वर्गणी माफ आहे. योजना चांगलीच. पण पॉलिक्लिनिक असते शहरात, आणि खेड्यातला माणूस ताप-खोकल्याला गावातल्याच डॉक्टरकडे जातो. म्हणून ‘फौजेत होता का?’ हा प्रश्न तिथेच विचारला गेला पाहिजे.

कारण तोफांजवळ वर्षे काढलेल्या कानांना आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. नातवाचे बोलणे कळत नाही. घरचे म्हणतात, आजोबा तऱ्हेवाईक झाले. सियाचीनच्या हिमदंशातून बोटे वाचली, तरी पुढे थंडी सोसत नाही, ती दुखतात, बधिर होतात. अंगात लोखंडी कपची राहिली असेल, तर एमआरआयपूर्वी सांगितलेच पाहिजे. त्या चुंबकाने ती हलू शकते.

मनाचे दुखणे याहून अवघड. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला ‘पीटीएसडी’ हे नाव दिले. आमच्या मोहल्ल्यातला एकजण १९९९ च्या कारगिल लढाईनंतर घरी आला, तो दिवाळीच्या फटाक्यांनी दारामागे जाऊन बसे. घरच्यांनी ताईत बांधला. ताईताला माझी ना नाही, पण त्याने झोप येईना. मग कॅन्टीनची रम. तिने डोळा लागतो खरा, पण मध्यरात्री झोप मोडते ती मोडतेच. डॉक्टरांपुढे तो फक्त गुडघ्याचे सांगे. मी शब्दांवर जगणारा माणूस. याला मात्र ‘झोप लागत नाही’ हे तीन शब्द जड गेले. शेवटी ते भाभींनी सांगितले. डॉक्टरांनी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. समुपदेशन, औषधे आणि रम बंद, असे बरेच महिने चालले.

तेव्हा दवाखान्यात जाताना घरातले कुणीतरी सोबत असू द्या, आणि डिस्चार्ज बुक पेटीत न ठेवता पिशवीत घ्या.