रिपोर्ट पॉझिटिव्ह… पण नक्की कशाचा?

हर्पीसच्या ब्लड टेस्टचा रिपोर्ट हातात पडला की भल्याभल्यांची झोप उडते. नाती तुटायची वेळ येते, ठरलेलं लग्न डळमळतं. पण त्या कागदावर जे लिहिलंय, त्यापेक्षा जास्त आपणच वाचतोय का?

समजा, तुम्ही शेंद्र्याला किंवा चिकलठाण्याला नोकरीला आहात. लग्न ठरलंय. 'एकदाचं सगळं चेक करून टाकू' म्हणून ऑनलाइन 'एसटीडी पॅनल' बुक केलं. माणूस सिडकोतल्या फ्लॅटवर येऊन रक्त घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकला व्हॉट्सॅपवर पीडीएफ हजर! एचआयव्ही निगेटिव्ह, कावीळ निगेटिव्ह, आणि खाली ठळक अक्षरात 'एचएसव्ही १ अँड २ आयजीजी : पॉझिटिव्ह'.

पुढचं सांगायलाच नको. गूगल, भयानक फोटो, घशाला कोरड. आणि मग डोक्यात एकच किडा : हे मला कुणाकडून लागलं? जोडीदाराकडून तर नाही? की मीच…?

थांबा बॉस! या टेस्टकडे त्या प्रश्नाचं उत्तर नाहीच.

नावातच घोळ

आपल्याकडे 'हर्पीस' म्हटलं की घरातली मोठी माणसं पटकन म्हणतात, 'म्हणजे नागीण ना?' कमरेला वेटोळं पूर्ण झालं की माणूस दगावतो, ही भीतीही मागोमाग येते. वेटोळ्याची गोष्ट खोटीच, पण मुळात नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. तो होतो कांजिण्यांच्या व्हायरसमुळे. रिपोर्टमधला एचएसव्ही, म्हणजे हर्पीस सिम्प्लेक्स, हा त्याचा भाऊबंद असला तरी वेगळा व्हायरस आहे.

त्याचे दोन प्रकार. टाइप १ बहुतेक वेळा ओठांवर येतो. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात ना, तेच काम याचं. अनेकांना तो लहानपणीच कुणाच्या तरी पापीतून मिळालेला असतो. ओरल सेक्समधून तो जननेंद्रियांवरही येऊ शकतो. टाइप २ मात्र मुख्यतः सेक्समधूनच पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतले ३८० कोटी लोक, म्हणजे सुमारे ६४ टक्के, टाइप १ घेऊन फिरतायत. टाइप २ चे १५ ते ४९ या वयातले सुमारे ५२ कोटी. यातल्या बहुतेकांना त्रास नसतो किंवा इतका किरकोळ असतो, की पत्ताच लागत नाही.

आता तुमच्या रिपोर्टमध्ये 'एचएसव्ही १ अँड २' असा एकत्रच आकडा असेल, तर तो टाइप १ मुळे आला की टाइप २ मुळे, हे त्यावरून कळणारच नाही. लहानपणीच्या ओठावरच्या फोडाचं खापर तुम्ही आज जोडीदारावर फोडत असाल!

आयजीजी, आयजीएम म्हणजे काय रे भाऊ?

ब्लड टेस्ट व्हायरस शोधत नाही. ती शोधते अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीराने तयार केलेली फौज. आयजीजी ही कायमची फौज. इन्फेक्शननंतर ती दिसायला काही आठवडे लागतात, कधीकधी तीन महिनेही. म्हणून कालच्या 'त्या' रात्रीबद्दल आज टेस्ट करून काहीही कळत नाही. आयजीजी एकदा आली की वर्षानुवर्षं राहते. पण कधी आली, शरीराच्या कुठल्या भागातल्या इन्फेक्शनमुळे आली आणि कुणामुळे आली, यातलं एकही तिला सांगता येत नाही.

आयजीएम म्हणजे ताजी फौज, असं पुस्तकात असतं. त्यामुळे आयजीएम पॉझिटिव्ह दिसलं की लोक सरळ निष्कर्ष काढतात : 'इन्फेक्शन नवीन आहे, म्हणजे माझ्या पाठीमागे काहीतरी झालंय!' हर्पीसच्या बाबतीत हा फंडा साफ फसतो. जुनं इन्फेक्शन पुन्हा डोकं वर काढतं तेव्हाही आयजीएम येऊ शकते. हर्पीसच्या कुटुंबातल्या दुसऱ्याच व्हायरसमुळेही ती चुकून पॉझिटिव्ह दाखवते. म्हणूनच अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था हर्पीससाठी आयजीएम वापरूच नका, असं सांगते. तरीही ती अनेक पॅकेजेसमध्ये असते, आणि आपण त्याचे पैसे भरतो.

आकड्याची गंमत

समजा रिपोर्टमध्ये टाइप २ ची आयजीजी वेगळी दिली आहे. तिच्यापुढे एक आकडा असतो. नेहमीच्या अनेक किट्समध्ये हा 'इंडेक्स' १.१ च्या वर गेला की पॉझिटिव्ह. पण १.३ आणि ८ या दोन्ही पॉझिटिव्हमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. सीडीसीच्या २०२१ च्या गाइडलाइननुसार इंडेक्स ३ च्या खाली असेल तर दुसऱ्या पद्धतीच्या टेस्टने खात्री करायला हवी, कारण या पट्ट्यात खोटे पॉझिटिव्ह खूप निघतात. एक लक्षात ठेवा, सगळ्या लॅब इंडेक्समध्ये रिपोर्ट देत नाहीत. युनिट वेगळं असेल तर हा ३ चा नियम लावू नका, डॉक्टरांना विचारा.

पुण्याचं गणित, आपलं गणित

टेस्ट तीच, मग खात्री कमी-जास्त का? उत्तरासाठी जरा पुण्यात जाऊ. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या, म्हणजे 'नारी'तल्या, आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी पुण्याच्या गुप्तरोग क्लिनिक्समध्ये आलेल्या हजारो लोकांचा अभ्यास केला होता. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४३ टक्के लोकांच्या रक्तात टाइप २ च्या अँटिबॉडीज होत्या. नव्याने टाइप २ झालेल्यांना एचआयव्हीचा धोका कितीतरी जास्त असतो, हेही त्यातून दिसलं. म्हणजे हर्पीस अगदीच हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

आता सोपा हिशेब. समजा टेस्ट निरोगी शंभरांपैकी पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. पुण्याच्या त्या क्लिनिकसारख्या १००० जणांत खरे पॉझिटिव्ह ४३०, आणि उरलेल्या ५७० मधले खोटे साधारण २८. म्हणजे रिपोर्टवर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. पण काहीच त्रास नसलेले १००० ऑफिसवाले घ्या. त्यांच्यात खरे पॉझिटिव्ह समजा ५०. उरलेल्या ९५० मध्ये खोटे निघतील ४७-४८. म्हणजे ज्यांच्या हातात 'पॉझिटिव्ह' पडलं, त्यातल्या जवळपास निम्म्यांना हर्पीस नाहीच!

हे आकडे समजण्यापुरते असले तरी मुद्दा खरा आहे. लक्षणं नसलेल्यांची हर्पीससाठी सरसकट ब्लड टेस्ट करू नये, असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा तेच बजावलं, ते याचमुळे.

'टॉर्च'मधला एच

आपल्याकडे अनेक जोडप्यांची हर्पीसशी पहिली भेट होते ती गर्भपातानंतर. 'टॉर्च' प्रोफाइल करून आणा, असं सांगितलं जातं. त्यातला शेवटचा 'एच' म्हणजे हर्पीस. रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह येतं आणि आधीच खचलेल्या मुलीकडे घरचे संशयाने बघायला लागतात. जुन्या इन्फेक्शनची अँटिबॉडी गर्भपाताचं कारण सिद्ध करत नाही आणि चारित्र्याचं सर्टिफिकेटही देत नाही. हर्पीसची खरी काळजी असते ती गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच इन्फेक्शन झालं तर. तेव्हा फोड दिसले तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच सांगायचं, लाजायचं नाही.

मग टेस्ट करायचीच नाही?

करायची, पण योग्य वेळी आणि योग्य ती. फोड किंवा जखम असेल तर सगळ्यात भरवशाची टेस्ट म्हणजे त्या जागेवरून स्वॅब घेऊन केलेली पीसीआर. ती फोड ताजे असताना, पहिल्या एक-दोन दिवसांत केलेली उत्तम. त्यात व्हायरस सापडला तर प्रकार कळतो आणि जागाही. जखम सुकल्यावर मात्र निगेटिव्ह येऊ शकते. जोडीदाराला हर्पीस आहे किंवा वारंवार त्रास होऊनही निदान होत नाही, अशा वेळी टाइप-नुसार वेगळी आयजीजी कामाला येते.

दाखवायचं कुठे? कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञांकडे. खर्चाचा प्रश्न असेल तर घाटीत त्वचारोग व गुप्तरोग विभाग आहेच. सरकारी मेडिकल कॉलेज आणि जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने गुप्तरोगांवर मोफत सल्ला आणि उपचार मिळतात. आपल्या गावात प्रत्येक जण कुणाच्या तरी मामाच्या ओळखीचा, त्यामुळे 'कुणी बघितलं तर?' हे टेन्शन येणारच. पण डॉक्टरांना हे रोजचंच आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ ही 'नॅको'ची टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

आणि खरंच हर्पीस निघाला तर?

तर जग बुडत नाही. व्हायरस शरीरातून कायमचा जात नाही हे खरं, पण असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी त्रास आटोक्यात राहतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेणाऱ्यांकडून जोडीदाराला टाइप २ होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही. फोड असताना सेक्स नको, हा साधा नियम. लाखो जोडपी असाच संसार करतायत.

रिपोर्ट हातात आल्यावर

– टाइप १, टाइप २ की दोन्ही एकत्र, ते बघा.
– आयजीएमवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.
– टाइप २ चा आकडा कमी असेल तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करा, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.
– खात्री होईपर्यंत मनाने गोळ्या सुरू करू नका.
– जोडीदाराला सांगा, पण 'तुझ्यामुळे झालं' असं नको. 'रिपोर्टमध्ये असं आलंय, आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू या', एवढं पुरे.

लॅबवाले आकडा देतात, अर्थ लावायचं काम डॉक्टरांचं. आणि विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला कुठल्याच लॅबमध्ये मशीन नाही. ते काम तुम्हा दोघांचं!